देशाचा रकाना

बेगमपुऱ्यातलं पोस्ट, खिडकी नंबर तीन.
जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं उरली असताना
तिनं काउंटरवर एक गाठोडं ठेवलं
आणि फॉर्मवर देशाच्या रकान्यात लिहिलं, लेसोथो.

मी म्हटलं, बाई, हे गाव झालं. देश कुठला?
ती रागावली नाही. रोजचंच असावं.
काचेवर बोटानं मोठं वर्तुळ काढलं,
त्याच्या पोटात एक ठिपका.
वर्तुळ म्हणजे दक्षिण आफ्रिका, म्हणाली मोडक्या हिंदीत,
ठिपका आम्ही.

मला लगेच कळलं.
औशाकडं आमचं दोन एकर असंच आहे,
चारी बांधांना एकाच भावकीचं रान.
गाडीबैल न्यायचे तर आधी राम राम घाला.
वहिवाटीचा दावा तहसीलमध्ये एकोणीस वर्षं.
तुम्ही दावा कुणापुढं लावला?
हे मात्र तिला समजलं नाही.

आत काय आहे?
हिमरूची शाल. आईला.
तिकडं आषाढात थंडी असते, डोंगरावर बर्फ पडतो.
तिच्या देशाचा सगळ्यात सखल कोपरा
आपल्या म्हैसमाळाच्या माथ्याहून उंच.
गुराखी घोड्यावर बसतात, अंगभर लोकरीचं कांबळं.
कांबळ्याशिवाय लग्न लागत नाही, मयत उचलत नाहीत.
झेंड्यावर गवताची टोपी आहे, शेंडीवाली.
राजा आहे. कारभार निवडून आलेले पाहतात.
बाप परक्या जमिनीखाली सोनं खणायला गेला
आणि खोकला घेऊन परत आला.
आई जीन्स शिवते. म्हणजे जीन्सचा एकच खिसा,
दिवसभर तोच, उजवा.

नाणं आहे आमचं, पण ते आमच्याकडंच चालतं,
त्यांचं मात्र दोन्हीकडं.
हे ऐकून मला आजोबांची पत्र्याची पेटी आठवली,
तळाशी हाली पैसे. कलदार कुठंही चालायचा,
हाली निजामाच्या शिवेपर्यंत.
आमचंही एक राज्य होतं बाई, समुद्राविना.
हे तिला सांगायचं राहून गेलं.

मग विकता काय तुम्ही?
पाणी, ती म्हणाली.

मी वजनकाटा शून्यावर आणायला विसरले.
मी लातूरची.
एका उन्हाळ्यात आमचं पाणी रेल्वेनं आलं, मिरजेहून.
लोक टाक्यांसमोर उभे राहून फोटो काढत होते.
धाकटी विचारत होती, पाण्यानं तिकीट काढलं का?

ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
धरणाच्या काठावर माझी मावशी राहते.
ती अजून झऱ्यावरून डोक्यावर आणते.

घेणाराचं नाव? मालिनेओ रामाखुला.
पाठवणाराचं? लिनेओ रामाखुला.
एकच नाव दोनदा लिहिलंस का गं?
नाही. मा म्हणजे आई.
सून घरात आली की सासर नाव ठेवतं, अमकीची आई,
अमकी जन्मायच्या आधीच.
तीन वर्षं ती माझी आई होती,
मी नसताना.

आणि त्याआधी तिचं नाव?
ती थांबली. रांगेत कुणी खाकरलं.
विचारावं लागेल घरी.

मी शिक्का मारला. जरा जोरातच.
माझ्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलंय सुनंदा,
ताटातल्या तांदळावर अंगठीनं कोरलेलं, नवऱ्याच्या हातानं.

पार्सल तीन आठवडे जोहान्सबर्गला अडकलं होतं.
परक्याच्या बांधावर, म्हटलं ना.
मग एका सोमवारी ती आली, तिकीट नको, पाकीट नको.
काचेच्या भोकाशी तोंड आणून म्हणाली,
केनेइलोए.

मी मागं पाहिलं. पोस्टमास्तर चहात होते.
मग माझंही सांगितलं. गोकर्णा.
तिला ण जमेना.
तीनदा म्हणवून घेतलं तिच्याकडून,
रांग होती तरी.